लंकाबाई आणि तळचं पान

लंकाबाई पोथी उलटी धरते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आमच्या लोकहित वाचनालयाच्या पोथ्यांच्या खोलीत ती मांडी घालून बसली होती. झाडू दाराबाहेर, समोर चौरंगावर पोथी. अक्षरांची डोकी तिच्याकडे, पाय भिंतीकडे. ओठ हलत होते. मी मनात म्हटलं, बाईला अक्षरओळख नाही, पण हौस दांडगी आहे. आणि तिला कळू न देता परत फिरले. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, मुलांना सांगत आले की आधी नीट बघा, मग निष्कर्ष लिहा. स्वतः मात्र दारातूनच निष्कर्ष लिहून मोकळी झाले.

तो निष्कर्ष किती चुकला होता हे गेल्या फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी कळलं. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी त्या दिवशी गच्चीचा जिना चार वेळा चढले. गुडघ्यांनी अजून माफ केलेलं नाही.

आधी लंकाबाई कोण ते सांगते.

लंकाबाई भिमाजी साबळे. माहेर जामखेड तालुक्यातलं, सीनेच्या बाजूचं एक कोरडं गाव. वय विचारलं तर म्हणते, "लिवा पन्नास. म्होरं काय वाढत न्हाई." आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की संसार गाडीत भरायचा, कारखान्याच्या कडेला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, बांधायची, उन्हाळा लागला की परत. शाळा म्हणजे गावात असतील तेवढे चार महिने. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर तिनंही आठ हंगाम कोयता चालवला. मग भिमाजीला नगरच्या मार्केट यार्डात हमाली मिळाली आणि दोघं केडगावात खोली घेऊन राहिले. आमच्याकडे ती झाडायला-पुसायला आली त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

झाडायला-पुसायला म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात वाचनालय तिच्या धाकात चालतं. पुस्तकाच्या पानाचा कोपरा मुडपलेला दिसला की ती देवघेवीच्या खिडकीशी उभी राहून विचारते, "घरी लेकराचं कान बी असंच मुडपता का?" निवृत्त मामलेदारांनाही तिनं हे विचारलेलं आहे. वाळवी तिला वासावरून कळते. कसर लागलेलं पुस्तक ती न उघडता बाजूला काढते आणि चूक निघत नाही. वेखंडाच्या पुरचुंड्या स्वतः शिवते. माझं आणि तिचं भांडण फक्त चपलांवरून. मी पोथ्यांच्या खोलीत चपला घालून जाते, कारण फरशी गार असते. ती काही बोलत नाही, मी बसले की माझ्या चपला उचलून बाहेर नेऊन ठेवते आणि मला अनवाणी शोधत फिरायला लावते.

ती खोली तिच्या ताब्यात आली दोनच वर्षांपूर्वी. त्याआधी एक जुने कारकून किल्ली जानव्याला बांधून फिरत आणि कुणाला आत येऊ देत नसत. ते निवृत्त झाले, किल्ली समितीतली म्हणून माझ्याकडे आली आणि फडका लंकाबाईकडे.

आत काय आहे हे नगरात निम्म्या लोकांना माहीत नाही. त्रेसष्ट पोथ्या. काही हातानं लिहिलेल्या, बऱ्याचशा शिळाप्रेसच्या. म्हणजे लेखनिकानं मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवायचा आणि त्या दगडावरून छापायचा. त्यामुळे छापील असूनही अक्षर हाती लिहिल्यासारखं वळणदार असतं. लांबट सुटी पानं, शब्दांमध्ये जागा नाही, सगळं एकाला एक चिकटून. चित्रांच्या नुसत्या रेघा छापायच्या आणि मग एकेका प्रतीत बसून हातानं रंग भरायचा. हिंगूळ, नीळ, हरताळ. श्रीमंत यजमान असला तर सोन्याचा वर्ख. वर एक लाकडी पाटी, खाली एक लाकडी पाटी, भोवती लाल कापडाचं बासन. बासन सोडलं की दीडशे वर्षांपूर्वीचा तांबडा रंग काल लावल्यासारखा अंगावर येतो. माझ्यासारख्या देवभोळी नसलेल्या बाईचाही श्वास अडकतो.

गेल्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका संस्थेचं पथक तीन दिवसांसाठी आलं, पोथ्यांची छायाचित्रं काढून संगणकात घालायला. पथक म्हणजे प्रणिता नावाची तिशीची मुलगी, एक कॅमेरा, दोन दिवे आणि पांढरे हातमोजे. तिची अट होती की फक्त पूर्ण पोथ्या घेणार, कारण दिवस तीनच. आमचे कार्यवाह नृसिंह मुळे यांनी रजिस्टर उघडून यादी केली. नृसिंह माझा जुना विद्यार्थी. भिक्षुकांचं घराणं, स्वतः बँकेत होता. पोथ्यांचं रजिस्टर त्याच्या आजोबांनी लिहिलेलं आहे, ठसठशीत वळणदार अक्षरात, आणि त्या रजिस्टरबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्याला खपत नाही.

रजिस्टरात अकरा पोथ्यांपुढे एकच शेरा होता: 'पहिले पान नाही. खंडित.'

खंडित पोथी घरात ठेवू नये, भंगलेल्या मूर्तीसारखी ती पाण्यात सोडावी, ही आपल्याकडची रीत. तीन वर्षांपूर्वी अकरांतल्या चार आम्ही प्रवरासंगमाला सोडल्या होत्या. ठराव समितीचा होता आणि त्याखाली माझी सही आहे. उरलेल्या सात या वेळी सोडायच्या ठरल्या. कपाट मोकळं होईल, मी म्हटलं. हे मी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलत नाही. टेम्पो शनिवारी सकाळी सातचा सांगितलेला होता.

शुक्रवारी अकराच्या सुमारास लंकाबाई प्रणितासाठी पोथ्या एकेक करून आणत होती. दाराशी धोतरात बांधलेलं गाठोडं तिनं पाहिलं.

"ह्या कुठं निघाल्या?"

"संगमावर," नृसिंह म्हणाला. "उद्या टेम्पो आहे."

"कामून?"

"खंडित आहेत, लंकाबाई. पहिलं पान नाही त्यांना."

तिनं फडका खांद्यावर टाकला. "कुनी सांगितलं?"

"रजिस्टरात आहे."

"रजिस्टरला डोळं हायेत का?"

नृसिंहच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आजोबांनी लिहिलंय ते."

"आजोबा मोठा मानूस. पर बघायचं ऱ्हायलं त्येंचं." असं म्हणून ती खाली बसली, गाठोडं सोडलं आणि त्यातली एक पोथी न चाचपडता बाहेर काढली. सत्तेचाळीस नंबर, 'सीनामाहात्म्य'. नगरात सीना म्हणजे पुलावरून जाताना नाक दाबायची जागा. तिचं माहात्म्य कुणी लिहिलं असेल आणि कुणी छापलं असेल, हेच आम्हाला कधी खरं वाटलं नव्हतं. पानं दोन ते शेहेचाळीस, असं रजिस्टर सांगत होतं.

"ह्यात पयलं पान हाय," लंकाबाई म्हणाली.

"कुठाय?"

"तळाला."

नृसिंहनं सगळी चळत उचलून शेवट दाखवला. शेहेचाळिसावं पान, त्याखाली लाकडी पाटी. पाटीवर तपकिरी, तेलकट, कोरा कागद घट्ट बसलेला. "हे पाटीचं अस्तर आहे."

"अस्तर न्हाई ते. पान हाय. पालथं निजलंय."

प्रणितानं कॅमेऱ्यावरचा हात काढला. मी म्हटलं, "लंकाबाई, नीट सांग. घाई नको." घाई मलाच होती.

"आमच्या सीनंच्या काठाला पोथी संपली म्हनून बांधत न्हाईत. शेवटचं पान वाचून झालं की पयलं पान हाय तसंच उचलायचं आन समद्यांच्या खाली सारायचं. त्याची पयली ओवी म्हनायची, मग बासन बांधायचं. संपली म्हनायचंच न्हाई. सीना कुठं संपती व्हय? म्होरं भीमेत जाती."

मी पान डोळ्यांसमोर आणलं. पोथीच्या पहिल्या पानाची वरची बाजू कोरीच ठेवतात, तेच मुखपृष्ठ. चित्र आणि मजकूर मागल्या बाजूला. ते पान न उलटता तळाशी सरकवलं तर कोरी बाजू वर आणि चित्र पाटीकडे तोंड करून खाली. वर पोथीचं वजन, वर्षानुवर्षं निरांजनाचं तूप, हळद, काजळी. चिकटणारच. आणि ज्यांच्या घरी पोथी एकपासून शेवटपर्यंत शिस्तीनं लावून ठेवायची सवय, त्यांना ते अस्तरच वाटणार. नृसिंहच्या आजोबांना वाटलं. जुन्या कारकुनांना वाटलं. मला तर बघण्याचंही सुचलं नव्हतं.

"ह्या सातही कुठून आल्यात?" मी विचारलं.

नृसिंहनं रजिस्टर चाळलं. त्याचा आवाज जरा खाली आला. "कर्जत. कर्जत. जामखेड. मिरजगाव... सगळ्या त्याच बाजूच्या, बाई."

"अगं मग तू दोन वर्षं बोलली का नाहीस?" मी लंकाबाईवर खेकसले.

"तुमी इचारलं कवा? मला वाटलं तुमास्नी ठावं हाय. येवढी शिकल्याली मान्सं."

मी ते गाठोडं दारातून आत ओढलं.

नृसिंह मात्र हटेना. बँकेतला माणूस. "ही नुसती समजूत असेल. खरंच अस्तर असेल तर पाटी खरवडून काय मिळणार? आणि प्रणिताताईंचे पाच तास उरलेत. पूर्ण आहे याचा पुरावा काय?"

लंकाबाईनं प्रणिताकडे बघितलं. "पोरी, दुसरं पान कुठनं सुरू हुतंय, वाच."

प्रणितानं हातमोजे सावरून दुसरं पान उचललं आणि अडखळत वाचलं, "...लीं वाहे नेटें. तैसी कथा..."

"थांब."

लंकाबाईनं डोळे मिटले, पदर डोक्यावर घेतला आणि जो आवाज लावला तो मी एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता. तिचं रोजचं बोलणं राहिलं बाजूला, पोथीची भाषा स्वच्छ निघाली.

"नमो एकदंता गणनाथा, सीना वर्णितां देईं हाता, कोरडी जिव्हा भिजो आतां, तुझेनि जळें..."

ती एकामागून एक ओव्या म्हणत गेली. मी बोटांवर मोजत होते. नऊ झाल्या, दहा झाल्या. अकरावीला ती सावकाश झाली.

"जैसी उन्हाळां सीना आटे, परी वाळूखा..."

आणि थांबली. डोळे उघडून प्रणिताकडे हात केला. पाहुण्याला पाट दाखवावा तसा.

प्रणितानं पानावरून वाचलं, "लीं वाहे नेटें. तैसी कथा तुटली वाटे, परी न तुटे."

नृसिंह रजिस्टर मिटून उभा होता. त्यानं ते परत उघडलं, परत मिटलं.

"मावशी, तुम्ही हे शिकलात कुठं?" प्रणितानं विचारलं.

मग ते बाहेर आलं. लंकाबाईचे वडील कानिफनाथ, ज्यांना ती दादा म्हणते, ते त्यांच्या टोळीचे पोथी वाचणारे. ऊसतोडीला जाताना गाडीत भांड्यांच्या आधी पोथी चढायची. कारखाना बंद पडला, खाडा झाला, की कोपीसमोर चादर अंथरून ते वाचायला बसत. लंकाबाई सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या समोर बसायची. वाचलेलं पान त्यांनी द्यायचं, तिनं चळतीवर ठेवायचं, हे तिचं काम. वाचणाऱ्याच्या शेजारी पोरीनं बसायचं नाही, समोर बसायचं. तिथून तिनं अक्षरं शिकली. डोकी आपल्याकडे, पाय बापाकडे.

"इस्कुलात गेले तर मास्तरानं पाटी सुलटी दिली," ती म्हणाली. "मला समदं उलटं दिसाया लागलं. पेपर वाचते मी, न्हाई असं न्हाई. पर पोथी आशीच पळती."

मला तो दोन वर्षांपूर्वीचा निष्कर्ष आठवला. मी तो तिला सांगितलेला नाही. इथं लिहितेय, वाचेल ती. वाचून काय बोलेल तेही मला ठाऊक आहे.

"आणि वडलांची पोथी?" प्रणितानं विचारलं.

"सोडली सीनेत. वाचनारा गेला की पोथी जाती. मी मागितली हुती. भाऊ म्हनला, पोथी पोरीच्या घरी जात न्हाई." ती सत्तेचाळीस नंबरच्या कडेवरून फडका फिरवत राहिली. "मग हितं ही सापडली. अनोळखी गावात माहेरची बाई भेटावी तशी. दर आयतवारी एक अध्याय वाचते. तुमच्या कामाच्या आधी, बाई, कामात न्हाई. आता हिला बी सोडनार आसाल, तर माझ्याकडं दुसरी न्हाई. तुमच्याकडं बी न्हाई."

तिनं विनवणी केली नाही. विनवणी केली असती तर मला सोपं गेलं असतं.

प्रश्न आता एकच होता. पान पाटीवरून कसं उठवायचं? प्रणिता म्हणाली, साधारण अशा वेळी ओलसर टिपकागद ठेवून कागद मऊ करतात. पण चित्राचे रंग डिंकात कालवलेले असणार. ओल लागली की रंग पाटीला राहील आणि कागद कोरा निघेल. "माझी हिंमत नाही, मॅडम. प्रयोगशाळेत न्यायला हवं." प्रयोगशाळेत न्यायचं तर परवानगी, परवानगीला समितीची बैठक, आणि नृसिंहचं म्हणणं की अध्यक्षांना आज पटवायचं तर हातात काहीतरी दाखवायला हवं.

"पानी कशाला लावता?" लंकाबाई म्हणाली. "त्ये पान्यानं चिकाटलंय का? तुपानं चिकाटलंय. थंडीत आमचं बी चिकटायचं. दादा पाटीची पाठ उन्हाकडं करून कोपीवर ठिवायचं. घटकाभरानं पान आपसूक सुटायचं. कागदाला ऊन लागू द्यायचं न्हाई, लाकडाला लागू द्यायचं."

मी टेबलावर थाप मारली. तीस वर्षं मी मुलांना पाण्यात काय विरघळतं आणि तेलात काय विरघळतं ते शिकवलं. तूप साधारण पस्तीस अंशाला वितळतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक. दीडशे वर्षांचं तूप वितळेल याची खात्री मी परीक्षेच्या पेपरात दिली नसती, पण पाण्यापेक्षा हा मार्ग शंभरपटीनं शहाणा होता. प्रणितालाही पटलं. नृसिंह म्हणाला, "आणि बिघडलं तर?"

"उद्या नदीत टाकणार होतास ना?" मी म्हटलं. "याहून काय बिघडणार आहे?"

साडेबारा वाजता आम्ही चौघं गच्चीवर. नगरचं फेब्रुवारीतलं ऊन, टाकीजवळचा पत्रा तापलेला. लंकाबाईनं दोन विटा मांडल्या, पाटी त्यांवर पालथी ठेवली, कागद सावलीत, लाकडाची पाठ उन्हाला. ती दर थोड्या वेळानं लाकडाला हात लावून बघे, तापलेला तवा बघावा तसा. मी थर्मामीटर आणायला खाली गेले, वर आले. मग माझा चष्मा आणायला गेले. मग फक्त राहवेना म्हणून. लंकाबाई म्हणाली, "बाई, एक जागी बसा. पाटीपरीस तुमीच लवकर वितळाल."

पावणेदोनला तिनं हात लावला आणि "आता," एवढंच म्हणाली.

आम्ही पाटी सावलीत आणली. कोपऱ्याशी कागदाची कड केसभर सुटलेली दिसत होती. प्रणितानं बांबूची पातळ पट्टी घातली. पट्टी बोटभर गेली आणि अडली. तिच्या कपाळावर घाम. लंकाबाईनं कमरेच्या पिशवीतून रीळ काढलं, वेखंडाच्या पुरचुंड्या शिवायचं, आणि दोरा तोडून तिच्या हातात दिला. "ह्यानं. खरवस कापतेत तसं." एक टोक प्रणिताकडे, एक लंकाबाईकडे. दोघींनी तो ताणलेला दोरा कागद आणि लाकडाच्या मधून हळूहळू सरकवला. नृसिंह ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता. मी त्याला काय म्हणतोस ते विचारलं नाही.

मधे एका जागी कर्रर्र झालं. सगळे थांबलो. लंकाबाईनं तळहात तिथं दोन मिनिटं टेकवून धरला, लाकडाच्या बाजूनं, आजारी लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. पुन्हा दोरा पुढे सरकला. आणि दोरा या टोकाला बाहेर आला.

प्रणितानं पान उलटलं.

मी बऱ्याच गोष्टी पाहिल्या आहेत आणि मला सहसा शब्द कमी पडत नाहीत. डाव्या अंगाला गणपती, शेंदरी, अंगावर सोन्याच्या वर्खाचे ठिपके. उजव्या अंगाला सीना, बाईच्या रूपात, हिरव्या नऊवारीत, मगरीबिगरीवर नाही तर चक्क कोरड्या वाळूत बसलेली, आणि तिच्या मांडीखालून निळ्या पाण्याची एक बारीक रेघ. मधे अकरा ओव्या, अकरावी अर्ध्यावर तुटलेली. दीडशे वर्षं अंधारात राहिल्यामुळे रंग असे ताजे, की बाकीच्या पोथ्यांचे त्यापुढे धुतलेले वाटावेत. फक्त गणपतीच्या गुडघ्यापाशी नखाएवढा रंग पाटीवर राहिला होता, जिथं कर्रर्र झालं तिथं. आणि अगदी खाली, किनारीत: 'शके १७८२. नगर पेठेंत शिळायंत्रीं छापिली.'

"नगरला?" नृसिंह म्हणाला. "आपल्याकडे?"

त्यानं ती ओळ तीनदा वाचली. मग खाली गेला, रजिस्टर घेऊन वर आला. उन्हातच, टाकीला टेकवून, आजोबांच्या 'खंडित' या शब्दावर त्यानं पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, शेजारी तारीख घातली आणि सही केली.

आनंद मला फार वेळ टिकवता येत नाही. माझ्या मनात लगेच त्या चार आल्या. तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या. मी मोठ्यानं म्हटलं, "म्हणजे त्या चारही पुऱ्या होत्या."

नृसिंहनं रजिस्टरात त्या चार नोंदी काढल्या, त्याही कर्जत-जामखेडच्याच.

लंकाबाई दोऱ्याचं रीळ गुंडाळत होती. "बाई, पाट्या न्हाई सोडल्या त्येंच्या. लाकूड नदीत टाकत न्हाईत ना, म्हनून काढून घेतल्या हुत्या. त्या तुमच्या कारकुनानं पेपरच्या ष्टँडच्या पायाखाली घातल्या, ष्टँड डुगडुगतो म्हनून. मी खोली घेतली तवा काढल्या. पाय लागायचं लोकांचं."

"कुठं आहेत?"

"लोखंडी कपाटात. येखंड घालून ठिवल्यात. पोथीची पाटी टाकतेत व्हय?"

मी जिना कशी उतरले ते मला आठवत नाही. आठ पाट्या, चार वरच्या, चार तळच्या, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या. तळच्या तीन पाट्यांवर तोच तपकिरी तेलकट कागद. चौथी स्वच्छ, कुणीतरी घासून धुतलेली. तीन पोथ्यांची पहिली पानं आमच्याकडे आहेत आणि त्यांची बाकीची पानं प्रवरेत. मी ती चौथी, धुतलेली पाटी परत साडीत गुंडाळली. तो ठराव अजून फाइलीत आहे. मी तो काढून टाकणार नाही.

अध्यक्षांना नृसिंहनं स्वतः फोन केला आणि काय बोलला कोण जाणे, दहा मिनिटांत टेम्पो रद्द आणि प्रणिताचे दोन दिवस वाढले. ती कॅमेऱ्यापाशी बसली आणि सत्तेचाळीस नंबरची छायाचित्रं सुरू झाली. शेहेचाळीस पानं, ब्याण्णव बाजू. पहिलं पान पहिल्यांदा. लंकाबाई एकेक पान देत होती, घेत होती, चळत लावत होती. तिला ते काम कुणी शिकवायचं नव्हतं.

शेवटचं पान झालं. प्रणिता म्हणाली, "संपली."

"न्हाई," लंकाबाई म्हणाली आणि पहिलं पान पुन्हा पुढे केलं.

"अहो मावशी, त्याचं झालं ना सगळ्यात आधी."

"ते सुरुवातीचं. आता हे बांधायच्या आधीचं."

"एकच पान दोनदा कसं घालू? ब्याण्णव बाजू, संगणकात चौऱ्याण्णव. उद्या कुणीतरी म्हणेल चूक झाली."

"तुमच्या कंप्युटरात सीना संपती का?"

प्रणितानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दोनदा घाल. वाद घालण्यात वेळ घालवू नकोस, पाच वाजत आलेत." नृसिंहनं न सांगता रजिस्टरात लिहून घेतलं: 'प्रथम पान अंती पुन्हा घेतले आहे. सीनाकाठची रीत. माहिती: लंकाबाई साबळे.' आजोबांच्या अक्षराखाली त्याचं अक्षर जरा बारीक दिसतं.

पोथी बांधायची वेळ आली. लंकाबाई चौरंगाशी बसली, नेहमीसारखी, अक्षरांची डोकी स्वतःकडे करून. प्रणितानं तिच्या सोयीसाठी चौरंग अलगद फिरवला, अक्षरं सुलट केली. लंकाबाईनं तो परत होता तसा फिरवला.

"ऱ्हाऊ दे, पोरी. तिकडनं दादा वाचतेत."

तिनं पहिली ओवी म्हटली. कोरड्या जिभेची. मग पहिलं पान न उलटता उचललं आणि तळाशी सारायला निघाली.

"थांब," मी ओरडले. "पुन्हा चिकटेल ते."

"म्या काय येडी हाय का?" तिनं ब्लाऊजमधून घडी केलेला पातळ पांढरा कागद काढला. प्रणिताच्या पेटीतलाच, कधी मागून घेतला होता देव जाणे. तो पाटीवर अंथरला, त्यावर पान निजवलं, वर पोथी, वर पाटी, आणि लाल बासनाची गाठ मारली.

टेम्पो रद्द झाल्याचं टेम्पोवाल्या पुंजारामला सांगायचं सगळेच विसरलो होतो. तो शनिवारी बरोबर सातला दारात हजर. लंकाबाईनं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, "आज कुनी जात न्हाई." मी आठला पोचले तेव्हा ती दुसरी पाटी विटांवर ठेवून उन्हाची वाट बघत होती. माझ्या चपला तिनं जिन्याच्या पहिल्या पायरीवरच काढायला लावल्या.